चालकाची झोप आणि भाड्याचा हिशेब

पुण्याला एका विद्यार्थ्याची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा घेण्यासाठी मला जायचे होते. सोलापूरहून पहाटे पाचला भाड्याच्या मोटारीने निघायचे, काम उरकायचे आणि त्याच रात्री परत यायचे असा बेत होता. पुण्यात मुक्काम का नको, याचे कारण सांगताना थोडा संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे. बाहेरगावच्या भाड्याचा हिशेब आपल्याकडे साधारणपणे असा असतो: किलोमीटरमागे ठरावीक दर, दिवसाला किमान अमुक इतके किलोमीटर धरायचे आणि वर चालकाचा भत्ता. रात्रीचे बारा वाजले की दुसरा दिवस सुरू. म्हणजे बाराच्या आत घरी पोहोचलो तर एका दिवसाचे भाडे, साडेबाराला पोहोचलो तर दोन दिवसांचे. मी अर्थातच बाराच्या आत पोहोचायचे ठरवले होते.

टेंभुर्णी मागे पडले तेव्हा पावणेअकरा वाजले होते. रस्ता चौपदरी, सरळ आणि जवळजवळ रिकामा. मी मागच्या बाकावर अर्धवट पेंगत होतो. एकाएकी डाव्या चाकांखाली खडखडाट झाला आणि गाडीला जोराचा हिसका बसला. कडेची पांढरी रेघ ओलांडून गाडी खडीवर उतरली होती आणि चालकाने ती कशीबशी वर ओढून घेतली होती. समोर थोड्याच अंतरावर उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर चालला होता. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता.

“काय झालं हो?” मी विचारले.

“काय नाही सर, खड्डा चुकवला.”

खड्डा नव्हता हे त्यालाही माहीत होते आणि मलाही. पुढच्या ढाब्यावर गाडी थांबवायला लावली. चहा घेताना तो मोकळेपणाने बोलला. आदल्या दिवशी सकाळी त्याने तुळजापूरचे भाडे केले होते. संध्याकाळी स्टेशनवर थांबून रात्रीच्या गाडीने आलेल्या मंडळींना अक्कलकोटला सोडले. घरी येऊन आडवा झाला तेव्हा एक वाजला होता, आणि माझ्या भाड्यासाठी चारला उठला. “मालकाचा फोन आला, सकाळी पाचची ट्रिप आहे म्हणून. नाही म्हटलं तर दुसऱ्याला देतात सर. मग आठ-आठ दिवस बोलवत नाहीत. आणि आता सवय झालीय.”

मी त्याला बाजेवर चाळीस मिनिटे झोपायला लावले. घरी पोहोचायला सव्वा वाजला आणि दोन दिवसांचे भाडे दिले. त्यातले त्याच्या हाती किती पडले ते विचारायचे मला सुचले नाही.

हा प्रसंग सांगण्यामागे एक हेतू आहे. तो चालक बेपर्वा नव्हता. प्यायलेला नव्हता. ताशी ऐंशीच्या पुढे त्याने गाडी नेली नव्हती. तरी त्या रात्री ती गाडी ट्रॉलीखाली गेली असती, तर पोलिसांच्या कागदावर ‘चालकाने हयगयीने व भरधाव वेगाने वाहन चालवून’ असेच शब्द आले असते. मालकाचा फोन, अक्कलकोटचे भाडे आणि माझे रात्री बाराचे गणित यांचा त्यात कोठेही उल्लेख आला नसता.

तीन सेकंदांची झोप

झोप म्हणजे दिवा मालवण्यासारखी एका क्षणी घडणारी गोष्ट, असे आपण समजतो. प्रत्यक्षात खूप दमलेल्या माणसाचा मेंदू तुकड्यातुकड्यांनी झोपतो. दोन-चार सेकंद, क्वचित दहा-पंधरा सेकंद, त्याचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो. डोळे कधी मिटतात, कधी चक्क उघडे राहतात. हात सुकाणूवरच असतात. जाग आल्यावर आपण झोपलो होतो हे त्या माणसाला पुष्कळदा कळतही नाही. याला क्षणिक डुलकी म्हणू.

ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. तीन सेकंदांत ती ६७ मीटर जाईल, म्हणजे कबड्डीची पाच मैदाने एकापुढे एक आखल्याएवढे अंतर. एवढ्या अंतरात गाडीला चालक नसतो. म्हणूनच झोपेमुळे झालेल्या अपघाताची एक खूण तज्ज्ञ सांगतात: रस्त्यावर ब्रेकच्या घसटीच्या खुणा नसतात. जागा माणूस शेवटच्या क्षणी का होईना ब्रेक दाबतो. झोपलेला माणूस पूर्ण वेगाने जाऊन आदळतो, आणि तेही बहुधा पुढच्या संथ किंवा उभ्या वाहनावर पाठीमागून, नाहीतर कडेच्या झाडावर.

ही डुलकी केव्हा येते, हे ठरवणाऱ्या दोन यंत्रणा शरीरात असतात. झुरिचच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये त्यांची मांडणी केली आणि अनेक दुरुस्त्यांसह ती आजही वापरात आहे. पहिली यंत्रणा रांजणासारखी आहे. जागेपणी मेंदूच्या पेशी ऊर्जा खर्च करतात आणि ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते. रांजण जसजसा भरत जाईल तसतसा झोपेचा दाब वाढतो. झोपेत तो रिकामा होतो. झोप अपुरी झाली तर दुसऱ्या दिवसाची सुरुवातच अर्ध्या भरलेल्या रांजणाने होते.

दुसरी यंत्रणा घड्याळाची. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जेथे एकमेकींना छेदतात त्याच्या किंचित वर, पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. सुमारे चोवीस तासांच्या तालावर तो शरीराला जागे ठेवतो आणि झोपवतो. या घड्याळाला दिवसातून दोनदा ओहोटी लागते. मोठी ओहोटी पहाटे दोन ते पाचच्या सुमारास आणि लहान दुपारी दोन ते चारच्या दरम्यान. दुपारची पेंग जेवणामुळे येते असे सर्वांना वाटते. जेवण तिला हातभार लावते हे खरे, पण उपाशी माणसालाही ती येतेच. (शाळेतला दुपारचा पहिला तास आठवावा. दोष नेहमी विषयाचाच नसतो!)

रांजण भरलेला आणि घड्याळाला ओहोटी, असे दोन्ही एका वेळी जुळून आले की इच्छाशक्तीचे फारसे काही चालत नाही. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे मोटारींच्या अपघातांचा एक काळजीपूर्वक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. गेल्या चोवीस तासांत पाच तास किंवा त्याहून कमी झोपलेल्या चालकांना दुखापतीचा अपघात होण्याचा संभव पावणेतीनपट आढळला. पहाटे दोन ते पाच या वेळेत तो इतर वेळेच्या मानाने साडेपाचपट होता.

दारू मोजता येते, झोप मोजता येत नाही

ऑस्ट्रेलियातील ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटासा प्रयोग प्रसिद्ध केला. चाळीस जणांना त्यांनी एकदा सकाळी आठपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, म्हणजे २८ तास, जागे ठेवले. दुसऱ्या वेळी त्यांनाच दर अर्ध्या तासाने मोजून दारू दिली. दोन्ही वेळी हात आणि डोळे यांचा मेळ तपासणारी एकच चाचणी घेतली. सतरा तास जागे राहिल्यावर माणसांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असताना होते तेवढी घसरली होती. चोवीस तासांनंतर ती सुमारे ०.१० टक्क्यांच्या पातळीला गेली.

आता आपला कायदा पाहा. मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क असेल तर गाडी चालवणे गुन्हा आहे. ही मर्यादा ०.०३ टक्के होते. म्हणजे पहाटे चारला उठलेला चालक रात्री नऊनंतर ज्या अवस्थेत असतो, ती या प्रयोगाच्या मापाने पाहिली तर कायद्याच्या मर्यादेच्या पलीकडची आहे. मात्र नळीत फुंकर मारायला लावून ती पकडता येत नाही.

आणि ‘सवय झालीय’ याचे काय? सवय होते, पण ती वेगळ्याच गोष्टीची. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हान्स व्हॅन डाँगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी तरुण माणसांना चौदा दिवस रोज चार, सहा किंवा आठ तासच झोपू दिले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात चार व सहा तास झोपणाऱ्यांची एकाग्रता दिवसेंदिवस घसरत गेली. दोन आठवड्यांच्या शेवटी ती एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी खालावली होती. परंतु ‘तुम्हाला किती झोप येते आहे?’ या प्रश्नाला त्यांची उत्तरे पहिल्या काही दिवसांनंतर फारशी बदलली नाहीत. आपले बरे चालले आहे, असे त्यांना वाटत होते. सवय झाली ती थकवा न जाणवण्याची. थकवा आपल्या जागी होता. माझा चालक खोटे बोलत नव्हता, हे मला हा अभ्यास वाचल्यावर नीट समजले.

झोप कोणी घेतली?

येथपर्यंतचा भाग शरीरविज्ञानाचा झाला आणि तो बराचसा निर्विवाद आहे. चालक पुरेसे का झोपत नाहीत, हा पुढचा प्रश्न. ‘लोकांना शिस्त नाही’ हे त्याचे सोपे उत्तर आहे. ते मला पटत नाही, आणि का पटत नाही ते गणिताने दाखवता येते.

समजा, एक रिक्षा दुसऱ्याच्या मालकीची आहे. चालकाने मालकाला रोज ४०० रुपये द्यायचे आणि इंधनाला ३०० रुपये लागतात. तासाला सरासरी १०० रुपयांचा धंदा होतो. (आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. आपल्या गावचे आकडे स्टँडवर विचारून घालावेत.) पहिले सात तास तो मालकासाठी आणि पंपासाठी रिक्षा चालवतो. आठव्या तासापासून स्वतःची कमाई सुरू होते. घरी ५०० रुपये न्यायचे तर बारा तास झाले. आता धंदा मंदावला आणि तासाला ८० रुपयेच मिळू लागले. मालकाचे पैसे कमी होत नाहीत. इंधनाचा खर्च तेवढाच धरला तरी तेच ५०० रुपये घरी नेण्यासाठी पंधरा तास लागतात. मिळकतीचा दर वीस टक्क्यांनी उतरला, कामाचे तास पंचवीस टक्क्यांनी वाढले. हे वाढलेले तीन तास कोठून येणार? दिवसाला पंचविसावा तास नसतो. ते झोपेतूनच येतात.

न्यू यॉर्कच्या टॅक्सीचालकांविषयी कॉलिन कॅमेरर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये असेच निरीक्षण मांडले होते. ज्या दिवशी धंदा चांगला त्या दिवशी ते लवकर घरी जातात आणि वाईट दिवशी जास्त वेळ चालवतात, जणू रोजची एक रक्कम मनाशी धरलेली असते. पुढे हेन्री फार्बर या अर्थशास्त्रज्ञाने ते खोडून काढले. माणसे थकली की थांबतात, रकमेकडे पाहून नव्हे, असे त्याचे म्हणणे. अर्थशास्त्रज्ञांचा हा वाद मोठा रंजक आहे. परंतु ज्याला मालकाची रक्कम रोज संध्याकाळी मोजून द्यायची आहे, त्याला मनात रक्कम धरावी लागत नाही. ती दुसऱ्याने ठरवलेली असते.

सोलापूरच्या मोटारचालकाची गोष्ट थोडी निराळी आहे. हे शहर तीर्थक्षेत्रांच्या मध्यावर वसले आहे. अक्कलकोट सुमारे ४० किलोमीटर, तुळजापूर ४५, पंढरपूर ७२, आणि पुढे कर्नाटकात गाणगापूर. रात्रीच्या गाडीने मुंबई-पुण्याहून सकाळी उतरलेल्या कुटुंबाला एका दिवसात होतील तेवढी दर्शने करून रात्रीची परतीची गाडी गाठायची असते. अक्कलकोट, तुळजापूर आणि पंढरपूर ही तिन्ही ठिकाणे सोलापूरहून जाऊन-येऊन केली तर अंतर सव्वातीनशे किलोमीटरांच्या आत भरते. ताशी ५० च्या सरासरीने प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे तास झाले साधारण साडेसहा. ‘यात थकण्यासारखे काय आहे?’ असे गिऱ्हाईक म्हणते.

पण पहाटे पाचला सुरू झालेला हा दिवस रात्री दहाला संपतो. उरलेले दहा-साडेदहा तास चालक काय करतो? थांबतो. दर्शनाची रांग दोन तासांची की पाच तासांची, हे कोणालाच आधी सांगता येत नाही. मंडळी बाहेर आली की फोन करणार आणि गाडी लगेच हजर हवी. त्यामुळे लांब जाऊन झोपता येत नाही. वाहनतळावर सावली असेलच असे नाही. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि उन्हात उभी मोटार आतून त्याहून कितीतरी जास्त तापते. काचा उघडाव्या तर धूळ, माश्या आणि सामानाची राखण. हा वेळ धड कामाचा नाही, धड विश्रांतीचाही नाही. दर किलोमीटरमागे असल्यामुळे हिशेबात तो बहुधा दिसतच नाही. मेंदूतला रांजण मात्र किलोमीटरवर भरत नाही, जागेपणाच्या तासांवर भरतो. या लेखात एखादीच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी असे मी म्हणेन. सिडनीच्या टॅक्सीचालकांच्या १९९७ च्या एका अभ्यासात, पाळीमध्ये ज्यांना एकूण विश्रांती जास्त मिळत होती त्यांचे अपघात कमी आढळले. खरी विश्रांती आणि नुसते खोळंबणे यांत फरक आहे, एवढा बोध त्यातून घ्यायला हरकत नाही.

शिवाय हा धंदा हंगामी आहे. आषाढी, कार्तिकी, तुळजापूरचे नवरात्र, जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आणि उन्हाळ्याची सुट्टी. मधल्या मोकळ्या महिन्यांचे गाडीचे हप्ते या दिवसांत भरून काढायचे असतात. म्हणजे रस्त्यावर माणसे सर्वांत जास्त असतात तेव्हाच चालक सर्वांत कमी झोपलेले असतात. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला रात्रभर लाखो माणसे पायी जातात. त्या वेळी तो रस्ता वाहनांना बंद ठेवतात, हे शहाणपणाचे आहे. इतर दिवशी पायी जाणाऱ्यांना असे संरक्षण नसते.

आता वेगाकडे वळू. वडापच्या जीपगाड्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. स्टँडवर नंबर लागतो, सीटा भरेपर्यंत गाडी हलत नाही. यात तास-दीड तास गेला की तो वेळ रस्त्यावर भरून काढण्याचा मोह होतो, कारण पलीकडच्या टोकाला आधी पोहोचेल त्याला आधी नंबर. तुळजापूरपर्यंतचे ४५ किलोमीटर ताशी ६० ने ४५ मिनिटांत होतात, ताशी ८० ने जवळजवळ ३४ मिनिटांत. अकरा मिनिटे वाचली. परंतु गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून धडकेतली ऊर्जा पावणेदोन पटींच्या वर गेली. आणि वाचलेली अकरा मिनिटे कोठे खर्च होतात? पलीकडच्या स्टँडवर, पुन्हा नंबर लावून बसण्यात! हा वेग त्या चालकाच्या स्वभावातून आलेला नाही, रांगेच्या पद्धतीतून आलेला आहे. नंबर वेळेनुसार ठरवून दिले तर तो पुष्कळसा कमी होईल असे मला वाटते.

नोंदीत नसलेले कारण

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय दरवर्षी अपघातांचा अहवाल काढते. २०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे मेली. महाराष्ट्रातील मृतांची संख्या पंधरा हजारांवर होती. कारणांच्या तक्त्यात बहात्तर टक्के अपघात ‘अतिवेग’ या एकाच सदरात टाकलेले आहेत. बाकीची सदरे मद्यपान, उलट्या बाजूने चालवणे, सिग्नल तोडणे, मोबाइलचा वापर आणि इतर अशी आहेत. झोप किंवा थकवा असे सदरच नाही. ज्या रोगाला नोंदवहीत रकाना नाही तो रोग गावात नाही, असे म्हणण्यासारखे हे झाले.

तास ठरवणारा कायदा आपल्याकडे नव्हता असे मात्र नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग नऊ तासांची सुटी ठरवून दिली होती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ९१ व्या कलमाने चालकांच्या तासांसाठी याच कायद्याकडे बोट दाखवले. पुढे २०२० च्या कामगार संहितेत तो समाविष्ट करण्यात आला. पण १९६१ चा कायदा मुळातच पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यासाठी होता. एक गाडी, एक मालक आणि एक चालक, किंवा स्वतःच मालक आणि स्वतःच चालक, अशी ज्यांची स्थिती त्यांचे तास मोजणार कोण? एस.टी.च्या चालकाला निदान ठरलेली ड्यूटी असते, डेपोत टेकायला खोली असते, वरिष्ठांशी भांडायला संघटना असते. तेथेही तक्रारी आहेतच. पण एस.टी. स्टँडच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या खाजगी गाडीच्या चालकाला यातले काहीच नाही. गंमत अशी की, ॲपवर चालणाऱ्या टॅक्सींसाठी केंद्राने २०२० मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत दिवसाला बारा तासांची मर्यादा आणि त्यानंतर दहा तासांची सक्तीची विश्रांती सांगितली होती. तेथे निदान यंत्राला तास ठाऊक असतात.

जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला मालमोटारचालकांनी संप केला आणि दोन दिवस पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, हे वाचकांना आठवत असेल. अपघातानंतर न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची नवी तरतूद हे त्याचे कारण. त्या तरतुदीच्या बऱ्यावाईटाची चर्चा मी येथे करत नाही. शिक्षेच्या भीतीने माणूस दारू टाळू शकतो. झोप मात्र भीतीने टळत नाही, एवढेच नोंदवतो.

काय उपयोगी पडते

खिडकी उघडणे, गाणी मोठ्याने लावणे, तोंडावर पाणी मारणे हे उपाय सर्वच चालक करतात. इंग्लंडमधील लाफबरो येथे लुईस रेनर आणि जिम हॉर्न यांनी गार हवा आणि रेडिओ यांची तपासणी केली. त्यांचा परिणाम किरकोळ आणि थोडाच वेळ टिकणारा निघाला. तंबाखू-माव्याने तरतरी येते, पण रांजण रिकामा होत नाही. चहा-कॉफीतले कॅफीन मेंदूत ॲडेनोसिनच्या जागा अडवून बसते. म्हणजे रांजण भरलेला आहे ही बातमीच दाबली जाते! तरीही त्याचा उपयोग आहे, मात्र परिणाम दिसायला वीस ते तीस मिनिटे लागतात. म्हणून रेनर आणि हॉर्न यांनी सुचवलेली युक्ती मला फार आवडते: आधी कॉफी घ्यायची आणि लगेच पंधरा मिनिटे झोपायचे. जागे होईपर्यंत कॉफी कामाला लागलेली असते. आपला ढाब्यावरचा चहा पातळ असतो, त्यामुळे झोपेचा भाग त्यात अधिक महत्त्वाचा.

सर्दीच्या काही गोळ्यांनी झोप येते, हे पुष्कळ चालकांना माहीत नसते. तसेच जो माणूस मोठ्याने घोरतो आणि मध्येच श्वास अडकून दचकतो, त्याची आठ तासांची झोपही तुटक असते. अशा चालकाला डॉक्टरकडे पाठवणे ही त्याच्यावर आणि इतरांवर केलेली मेहेरबानीच.

पण यांतले बहुतेक उपाय चालकावरच भार टाकतात. भाडे ठरवणारे आपण असतो. शाळेची सहल ठरवताना आपण गाडीची कागदपत्रे, टायर आणि आसनसंख्या पाहतो. चालक आदल्या रात्री कोठे होता, हे विचारतो का? मध्यरात्री निघून पहाटे पोहोचण्याचे वेळापत्रक मुलांना मोठे आवडते, आणि ते नेमके घड्याळाच्या मोठ्या ओहोटीत बसवलेले असते. निघण्याची वेळ पहाटे पाचनंतर ठेवणे, दुपारी दर्शनाच्या किंवा किल्ल्याच्या वेळी चालकाला ‘तीन तास फोन येणार नाही, झोपा’ असे स्पष्ट सांगणे, मुक्कामाला त्याच्यासाठी खाट आणि पंखा मागून घेणे, यांना फारसा खर्च येत नाही. रात्रीच्या बाराची अट मालकाशी आधीच बोलून मोडून काढता येते. मी आता भाडे ठरवताना ‘उशीर झाला तर वाटेत थांबू, दुसऱ्या दिवसाचे पैसे देईन’ असे सांगून ठेवतो. पहिल्यांदा सांगितले तेव्हा फोनवर पलीकडे बराच वेळ शांतता होती.

शेवटी वर्गात करण्याजोगा एक प्रयोग. तीस सेंटिमीटरची पट्टी उभी धरावी. शून्याची खूण खाली, दुसऱ्याच्या अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये, बोटे न टेकवता. न सांगता पट्टी सोडावी आणि त्याने ती चिमटीत पकडावी. पट्टी जितके सेंटिमीटर घसरली त्यावरून प्रतिक्रियेला लागलेला वेळ काढता येतो, कारण मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूचे अंतर गुरुत्वत्वरण आणि वेळेचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मे असते. १५ सेंटिमीटरला ०.१७ सेकंद, २० ला ०.२० आणि पूर्ण ३० ला ०.२५ सेकंद. प्रत्येकाचे दहा प्रयत्न नोंदवावेत, सकाळी पहिल्या तासाला आणि पुन्हा दुपारी. मुलांनी घरी आई-वडिलांवरही करून पाहावे, कामावर जाण्यापूर्वी आणि परतल्यावर. वर्गात कोणाचे ना कोणाचे वडील रिक्षा, जीप किंवा ट्रक चालवत असतातच. त्यांची नोंद इतरांच्या नोंदींत मिसळूनच मांडावी, नावासह फळ्यावर लिहू नये. दहा प्रयत्नांची सरासरी काढण्याची मुलांना घाई असते. दमलेल्या माणसाची सरासरी पुष्कळदा फारशी बिघडत नाही. नऊ वेळा तो पट्टी व्यवस्थित पकडतो आणि एकदा ती चिमटीतून सरळ जमिनीवर पडते. असा प्रयत्न ‘चुकला’ म्हणून गाळू नये. रकान्यात ‘पडली’ असे लिहून ठेवावे, आणि अशा नोंदी सकाळी किती आणि रात्री किती ते वेगळे मोजावे.